जुनी वास्तू आणि नवी पंगत

गेल्या वैशाखात एका विवाहप्रसंगी आप्तमंडळी एकत्र जमली असता आमच्या एका भाच्याने प्रस्तुत लेखकास बाजूस घेऊन एक प्रश्न विचारला. देशावरील एका तालुक्याच्या गावी त्याच्या घराण्याचा दोन चौकांचा वाडा आहे. पणजोबांनी बांधलेल्या या वास्तूत आता कोणीच राहत नाही. मधल्या पिढीने मुंबई-पुणे गाठले, तिच्या पुढची पिढी परदेशी गेली. घरपट्टी मात्र भरावी लागते आणि पावसाळ्यापूर्वी कौले परतावी लागतात. भाचा म्हणाला, “मामा, तेथे एक चांगले उपाहारगृह काढावे असे मनात आहे. पण घरातील वडील मंडळी म्हणतात, पणजोबांच्या ओटीवर हॉटेल मांडणार काय? आणि सजावट करणारे म्हणतात, हे काळे खांब प्रथम पांढरे रंगवून घेऊ. तुम्ही इतिहासाचे अभ्यासक. तुम्हीच काय ते सांगा.”

जिलबीची पंगत चालू असताना द्यावयाचे हे उत्तर नव्हे, म्हणून त्या वेळी हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनात राहिला. ज्यांच्या घरी असा एखादा वाडा कुलपात पडून आहे अशी कुटुंबे आपल्या ज्ञातीत थोडीथोडकी नाहीत, आणि त्यांपैकी बहुतेकांपुढे दोनच मार्ग ठेवले जातात: वाडा पाडून इमारत उठवा, नाहीतर तो पडेपर्यंत तसाच राहू द्या. त्यात उपाहारगृहाचा हा तिसरा मार्ग निघाला आहे. स्मरणिकेच्या संपादकांचे लेखासाठी पत्र आले तेव्हा त्या भाच्यालाच सविस्तर उत्तर लिहावे असे ठरविले. त्याकरिता वाचकांस थोडा वेळ पॅरिस नगरीत नेणे भाग आहे. जुन्या वास्तूत नवे उपाहारगृह कोणत्या अटींवर बसवावे याचा तेथे जो निवाडा झाला, तितका बोलका दाखला आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

गिरगावकरांस ‘ऑपेरा हाउस’ हे नाव नवे नाही. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालेले, बालगंधर्व व मास्टर दीनानाथ यांच्या स्वरांनी भारलेले ते नाट्यगृह १९९३ साली बंद पडले आणि दीर्घ जीर्णोद्धारानंतर २०१६ साली पुन्हा उघडले. पॅरिसचे ऑपेरागृह हे त्याहून एका पिढीने वडील. त्याच्या जन्माची हकिकतच मोठी नाट्यमय आहे.

१४ जानेवारी १८५८ च्या रात्री सम्राट तिसरा नेपोलियन आपल्या पत्नीसह त्या वेळच्या ऑपेरागृहाकडे जात असता ओर्सिनी नामक इटालियन क्रांतिकारकाने व त्याच्या साथीदारांनी त्याच्या गाडीवर बाँब फेकले. सम्राट वाचला, परंतु भोवतालची अनेक माणसे मृत्यू पावली. त्यानंतर सम्राटाची गाडी थेट आत जाऊ शकेल असे सुरक्षित व भव्य ऑपेरागृह बांधावयाचे ठरले. खुली स्पर्धा जाहीर झाली. १७१ आराखडे आले. त्यांतून १८६१ साली निवड झाली ती शार्ल गार्निये या पस्तीस वर्षांच्या, फारशा कोणाच्या परिचयाच्या नसलेल्या स्थापत्यविशारदाची.

या गार्नियेच्या कुळाविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. त्याचा बाप मूळचा लोहार. चाके बसविणारा, घोडागाड्या बांधणारा. पुढे पॅरिसमध्ये गाड्या भाड्याने देण्याच्या व्यवसायात तो स्थिरावला. भात्याच्या धुरात वाढलेल्या मुलाने १८४८ साली रोमच्या शिष्यवृत्तीचा बहुमान मिळवावा आणि साम्राज्यातील सर्वांत खर्चिक इमारत बांधावयास घ्यावी, ही गोष्ट कोणत्याही कारागीर घराण्याने आपल्या मुलांस सांगावी अशी आहे. गाडीवाल्याच्या या मुलाने आपल्या ऑपेरागृहास गाड्यांसाठी दोन स्वतंत्र प्रवेशमंडप जोडले. पश्चिमेचा सम्राटासाठी, चढणीच्या रस्त्यासह. पूर्वेचा वर्षभराची वर्गणी भरणाऱ्या धनिक रसिकांसाठी. त्या पूर्वेकडील मंडपातच आपली कथा घडते, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

बांधकामाला पहिल्यापासून विघ्ने. पाया खणावयास घेतला तर पाणी लागले. वाफेचे पंप कित्येक महिने अहोरात्र चालविले तरी पाणी हटेना. शेवटी गार्नियेने त्या पाण्याशी भांडण सोडून दिले आणि इमारतीच्या पोटातच एक प्रचंड टाके बांधून त्याला जागा करून दिली. (गास्ताँ लरू याने आपल्या कादंबरीतील भुतास ज्या भूमिगत तळ्याकाठी वसविले, त्या कल्पनेचे मूळ हे टाके.) पुढे १८७० साली फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले, सेदाँ येथे सम्राट शत्रूच्या हाती सापडला आणि साम्राज्यच संपले. वेढ्याच्या काळात अर्धवट बांधलेल्या या इमारतीत धान्य साठविले गेले. म्हणजे संगीताच्या आधी येथे शिधा येऊन पडला! सम्राट १८७३ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये परागंदा अवस्थेत वारला. ज्याच्या गाडीसाठी तो पश्चिमेचा मंडप उभारला, त्या गाडीने त्याचा उंबरठा कधी ओलांडला नाही. मंडपाचे काही दगड अद्यापि घडणावळीवाचून राहिले आहेत. आत ग्रंथालय व संग्रहालय आहे. त्याच १८७३ सालच्या ऑक्टोबरात जुने ऑपेरागृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा कोठे नव्या राजवटीने नाइलाजाने गार्नियेस पैसा दिला. ५ जानेवारी १८७५ रोजी उद्घाटन झाले. एकूण खर्च सुमारे ३ कोटी ६० लक्ष फ्रँक. आणि या समारंभास खुद्द गार्नियेस आपल्या आसनाचे मोल स्वतः मोजावे लागले असे सांगतात. सरकारे पालटली तरी सरकारी रीत पालटत नाही.

आता उपाहारगृहाकडे वळू. ऑपेरागृहात लोकांनी खावे-प्यावे ही काही अलीकडची अरसिक कल्पना नव्हे. मूळ योजनेच्या काळापासून, म्हणजे १८७५ पासून, उपाहारगृहाचा विचार होता. पैशाच्या अडचणीमुळे तो मागे पडला. मध्यंतरात थंड पेये घेण्यासाठी एक गोलाकार दालन मात्र झाले. त्याच्या भिंतींवरील विणलेल्या चित्रपटांत चहा, कॉफी, नारिंगाचे सरबत, शँपेन ही पेये व्यक्तिरूपाने चितारली आहेत, तीही मोठ्या दिमाखाने. आमच्याकडील नाट्यगृहांच्या मध्यंतरातील बटाटेवड्यास एवढा मान कोणत्या चित्रकाराने दिल्याचे ऐकिवात नाही. असो. पाट मांडून बसावे असे खरेखुरे उपाहारगृह मात्र नव्हते ते नव्हतेच. १९२३ साली सरकारने या इमारतीस ऐतिहासिक स्मारक म्हणून संरक्षण दिले. त्यानंतर तर तेथे खिळा ठोकावयाचा झाला तरी अनुज्ञा लागावयाची. १९७३ पासून उपाहारगृहाचे प्रयत्न झाले आणि फसले. यश आले ते तिसऱ्या प्रयत्नास, २०११ साली.

परंतु त्याच्या आधी याच इमारतीत नव्याने जुन्यावर एकदा पाऊल ठेवले होते, आणि ते प्रकरण समजल्याखेरीज पुढचे नीट समजावयाचे नाही. प्रेक्षागृहाच्या छतावर लनपव्हो या चित्रकाराने गार्नियेच्या काळात रंगविलेले चित्र होते. १९६० साली सांस्कृतिक खात्याचे मंत्री आंद्रे मालरो यांनी तेथे मार्क शागाल याजकडून नवे चित्र काढून घेण्याचे ठरविले. केवढा गदारोळ झाला! कोणी म्हणाले, अशा आधुनिक चित्राने गार्नियेची वास्तू विद्रूप होईल. आणि शागाल रशियात जन्मलेला ज्यू, तेव्हा फ्रान्सच्या या स्मारकावर त्याचा हात कशाला, असेही बोलावयास काही जण चुकले नाहीत. सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या वृद्धाने मोबदला न घेता काम पुरे केले. २३ सप्टेंबर १९६४ रोजी ते नवे छत लोकांनी पाहिले, आणि पुष्कळ टीकाकारांची तोंडे मिटली.

पण आपल्या दृष्टीने खरी गोष्ट वेगळीच आहे. शागालने लनपव्होच्या चित्रावर रंगाचा एक फराटाही मारलेला नाही. त्याचे चित्र तुकड्यातुकड्यांच्या कापडावर रंगविले गेले आणि जुन्या छताच्या खाली स्वतंत्र चौकटीवर बसविले गेले. जुने चित्र त्याच्या पाठीमागे, अंधारात का होईना, जसेच्या तसे आहे. मान वर करून शागालचे हिरवे, पिवळे, तांबडे रंग पाहणाऱ्या प्रेक्षकांपैकी कितीकांना याची वार्ता असते कोण जाणे! नव्यास पुढे येऊ दिले, परंतु जुन्याची हत्या करून नव्हे. ज्या पिढीला शागाल नको वाटेल तिला त्याची चौकट उतरविण्याचा अधिकार उरला आहे. रंगारी आणून जुने छत खरवडले असते तर तो अधिकार कायमचा नष्ट झाला असता.

योगायोग असा की त्याच १९६४ च्या मे महिन्यात व्हेनिस येथे स्थापत्यज्ञांची परिषद भरून जुन्या स्मारकांच्या रक्षणाविषयी एक सनद मान्य झाली. स्मारकाचा समाजोपयोगी कामासाठी वापर करणे इष्टच, मात्र त्यासाठी त्याची मांडणी वा अलंकरण बदलू नये, असे ती सांगते; आणि जेथे नवी भर अपरिहार्य असेल तेथे ती भर नवी म्हणून ओळखू यावी, तिच्यावर आपल्या काळाची मुद्रा असावी, असेही सांगते. या दुसऱ्या कलमाचा अर्थ सामान्य माणसास प्रथम उलटा वाटतो. जुन्या वास्तूत जुन्यासारखेच काही करावे, हे आपल्याला शहाणपणाचे वाटते. परंतु जुन्याची नक्कल ही एक प्रकारची खोटी वंशावळ होय. शंभर वर्षांनी खरा खांब कोणता आणि हॉटेलवाल्याने बसविलेला कोणता हे नातवंडांस कळणार नाही, आणि मग दोन्हींची किंमत सारखीच होईल. म्हणजे खऱ्याची कमी होईल.

या पार्श्वभूमीवर २०११ च्या उपाहारगृहाकडे पाहावे. काम सोपविले होते ओदिल देक या बाईंकडे. १९५५ साली जन्मलेल्या या स्थापत्यविशारद, १९९६ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंहाचे पारितोषिक मिळाले होते, आणि रोममधील समकालीन कलेच्या संग्रहालयाच्या विस्ताराचे त्यांचे काम नुकतेच पुरे झाले होते. काळा आणि तांबडा हे त्यांचे आवडते रंग. जागा दिली होती ती पूर्वेकडच्या प्रवेशमंडपाची, जेथे वर्गणीदारांच्या गाड्या येऊन थांबत: वर दगडी घुमट, बाहेरच्या अंगास खांबांची रांग, आणि खांबांमधून वारा सरळ आत. म्हणजे खरे पाहता ती खोली नव्हतीच. ती देवडी होती. अट अशी की भिंत, खांब, छत यांपैकी कशासही हात लावावयाचा नाही. उद्या सारे उचलून न्यावयाचे ठरले तर मूळ दगडावर ओरखडाही राहता कामा नये. आणि तरीसुद्धा नव्वद माणसांची बसण्याची सोय झाली पाहिजे.

विचार करावा, आपल्यापैकी एखाद्या कंत्राटदारास अशी अट घातली तर तो काय म्हणेल! ज्यास टेकू द्यावयाचा त्यासच शिवावयाचे नाही, हा तर भोवऱ्यात होडी उभी करण्याचा प्रकार झाला.

पहिला प्रश्न वाऱ्याचा. खांबांच्या मध्ये दारे-खिडक्या बसवाव्यात तर चौकटी दगडात रोवाव्या लागणार आणि बाहेरून पाहणारास खांबांऐवजी चौकटीच दिसणार. देकबाईंनी चौकटच काढून टाकली. खांबांच्या मागूनपुढून नागमोडी वळणे घेत जाणारा काचेचा एक पडदा त्यांनी उभा केला. कमानीच्या वळणाप्रमाणे वाकविलेली पोलादाची एकच पट्टी जमिनीपासून ६ मीटर उंचीवर, खांबांच्या माथ्याकडील कंगणीला धरून फिरविली, आणि स्टेनलेस स्टीलच्या लहान दांड्यांनी काच तिला जोडली. खाली कोठे आधार दिसत नाही. वळणामुळे पातळ वस्तूस ताठपणा येतो हे आपण छपराच्या नालीदार पत्र्यात रोज पाहतो. येथे तीच गोष्ट काचेच्या देखणेपणात लपून गेली आहे. कोणी चिकित्सक म्हणेल, कंगणीला पट्टी धरली म्हणजे दगडाला शिवलेच की! आक्षेप खरा आहे. पण अट पाळावयाची ती अक्षरापेक्षा हेतूने, आणि त्या एका रेषेपलीकडे काचेने दगडाकडे काही मागितलेले नाही.

दुसरा प्रश्न माणसांचा. तळाची जागा नव्वद जणांस अपुरी. तेव्हा वर एक मजला हवा, आणि तोही भिंतीत तुळया न खुपसता. यासाठी त्यांनी जे केले त्याला आपल्या भाषेत पोटमाळा हाच शब्द योग्य. हा पोटमाळा स्वतःच्याच सडपातळ पायांवर उभा राहिला. त्याला सरळ कड नव्हती. प्लास्टरच्या साच्यातून काढलेले त्याचे पांढरे अंग होडीच्या पोटाप्रमाणे वळत खांबांपासून अंतर राखून जाई, आणि तेच अंग वर उचलले जाऊन कठडा होई. मजला कोठे संपला आणि कठडा कोठे सुरू झाला हे सांगता येऊ नये अशी ती घडण. खालून पाहणारास वाटावे की एखादे गलबत घुमटाखाली तरंगत आले आहे आणि लवकरच निघून जाईल. आणि वर जाऊन बसणारास अनपेक्षित लाभ असा की, गाडीतून उतरणाऱ्या वर्गणीदारांनी जो घुमट मान वर करून दुरून पाहिला, तो त्याच्या डोक्याच्या अगदी निकट आला. गार्नियेच्या पाथरवटांनी घडविलेला दगड पाहावयास मिळावा म्हणून जणू नव्या मजल्याने पायरी पुढे केली. आम्हास या सर्व योजनेत हेच सर्वाधिक आवडते.

रंगाविषयी मात्र आमचे मन तितकेसे राजी नाही. गालिचा तांबडा, आसने तांबडी, जिन्यावरून ओघळून काळ्या जमिनीवर पसरणारा तोही तांबडाच. प्रेक्षागृहातील मखमलीशी हा रंग नाते सांगतो, हे खरे. परंतु आम्ही हे सारे छायाचित्रांतूनच पाहिले असले तरी जेवताना एवढ्या रक्तवर्णाच्या मध्ये बसणे आम्हास मानवले असते असे वाटत नाही. तेथील पुष्कळांनाही ते खटकले. पण येथेच त्या अटीचे मर्म आहे. रंग आवडला नाही तर गालिचा गुंडाळता येतो. पुढे त्या उपाहारगृहाचे नाव पालटले आणि त्याचा पोशाखही पालटला. दुसऱ्या सजावटकाराने आपल्या रुचीचे कापड व झाडोरा आणला. गार्नियेच्या खांबांना त्याचे सुखदुःख नाही. ते जसे १८७५ साली उभे होते तसे उभे आहेत.

उलट बाजूचे एक उदाहरण आम्ही स्वतः पाहिले आहे. आपल्याच प्रांतातील एका शहरात एक जुना वाडा भाड्याने घेऊन तेथे मोठे झगझगीत भोजनगृह काढले होते. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. सागवानी खांबांवर तैलरंगाचे दोन हात दिलेले. चौकातील तुळशीवृंदावन हलवून तेथे सिमेंटचा कारंजा. दिव्यांच्या तारांसाठी तुळयांना आरपार भोके, आणि खांबाच्या तळखड्याला सिमेंटचे खोटे कंगोरे. सर्वांत घातक म्हणजे माजघरातच भटारखाना. कढईचा तेलकट धूर शंभर वर्षांच्या लाकडावर रोज बसत होता. ते भोजनगृह चार वर्षांत बंद पडले. भाडेकरू गेला, कारंजा व भोके मालकाच्या पदरी राहिली. मालक भेटले तेव्हा म्हणाले, “अहो, भाड्याच्या करारात खिडकीची काच फुटली तर भरून देण्याचे कलम होते. खांबाचे कलम घालावयाचे कोणाला सुचलेच नाही.”

हे सर्व आम्ही भाच्यास सांगितले, तेव्हा त्याने व्यवहाराचा मुद्दा काढलाच. “मामा, पॅरिसच्या त्या बाईंच्या पाठीशी पैसा होता. आम्ही वाकविलेली काच कोठून आणावी?” त्याचे म्हणणे चूक नव्हते. परंतु त्या कामात खर्चिक होती ती काच. अट फुकटची होती. भोक पाडू नये यास दमडी लागत नाही. खांब रंगवू नये याने तर रंगाऱ्याची मजुरी वाचते. मग त्याने कागद घेतला आणि आम्ही दोघे एक अख्खी दुपार त्या वाड्याच्या नकाशावर वाकून बसलो.

भटारखाना वाड्यात नकोच. परसात विहिरीपलीकडे, पत्र्याच्या वेगळ्या छपरात. गल्ल्याचे टेबल व मांडण्या आपापल्या पायांवर, भिंतीपासून चार बोटे दूर. ओटीच्या उघड्या बाजूस पावसाचे झोत येतात, तेथे खांबांमध्ये काही न ठोकता पुढे स्वतंत्र लोखंडी चौकटीवर जाड कापडाचे पडदे. विजेच्या तारा भिंतीत न पुरता उघड्याच, पितळी नळीतून. ते नवे आहे हे दिसू द्यावे. टेबलखुर्च्या आजच्या घाटाच्या. पेशवाई बैठकीचे सोंग नको. माजघरातील कोनाड्यांविषयी आमचा मतभेद झाला, तो अद्याप मिटलेला नाही. त्याला तेथे बाटल्या मांडावयाच्या आहेत. आम्हास ते मोकळे हवेत. दिव्यांची अडचण मात्र सहज सुटली. ओटीवर पूर्वी झोपाळा असे. त्याच्या लोखंडी कड्या तुळईला जेथल्या तेथे आहेत. दिवे त्यांनाच टांगावयाचे ठरले.

काम चालू झाले आहे आणि दसऱ्याचा मुहूर्त धरला आहे. ज्यांनी प्रथम “ओटीवर हॉटेल मांडणार काय?” म्हणून डोळे वटारले होते, ते भाच्याचे थोरले काका मध्यंतरी गावी जाऊन सर्व पाहून आले. प्रत्येक खांबावरून त्यांनी हात फिरविला म्हणे. पहिल्या दिवशीच्या पंगतीस आपण येऊ, असा त्यांचा निरोप आला आहे. मात्र खुर्चीवर बसणार नाही, पणजोबांचा शिसवी पाट माळ्यावर आहे तो काढून ठेवावा, अशी त्यांनी अट घातली आहे. भाच्याने पाट शोधून काढला. त्याची एक पट्टी निखळली आहे, ती बसविण्यास गावातील सुतार येत्या सोमवारी येणार आहे.